जुन्या लेबलवर 'पूना' होतं, मी 'पुणे' टाईप केलं. सगळं वाया गेलं का?

टेकडीवरची सकाळ

नमस्कार मंडळी. मी कोथरूडला राहते, गेल्या वर्षी बँकेतून रिटायर झाले. भाचीने मला झूनिव्हर्स नावाच्या वेबसाईटवर एक काम लावून दिलंय. म्युझियममध्ये वाळवलेली झाडं, किडे, पक्षी जपून ठेवलेले असतात, त्यांच्यासोबतच्या हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्यांचे फोटो येतात, ते वाचायचे आणि टाईप करायचे. कुणी गोळा केलं, कधी, कुठे, किती उंचीवर, बास. सुरुवातीला सगळी अमेरिकेतली लेबलं यायची, ती मी इमानदारीत करत होते पण खरं सांगायचं तर मन लागत नव्हतं. मग महिन्याभरापूर्वी एका प्रकल्पात मुंबई इलाख्यातली शीटं, म्हणजे वाळवलेलं झाड आणि त्याची चिठ्ठी चिकटवलेले कागद, यायला लागली. पहिल्यांदा 'पूना' वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून बाल्कनीत जाऊन आले, एवढं भरून आलं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं आपल्या गावचं फूल, कुठल्या कुठे कपाटात पडलंय आणि त्याची चिठ्ठी मी माझ्या डायनिंग टेबलावर वाचतेय.

आता प्रश्न. मी ३२ वर्षं लेजरवर काढली, चूक दिसली की हात आपोआप दुरुस्त करतो. त्यामुळे 'पूना' दिसलं की मी पुणे लिहिलं, 'किरकी' दिसलं की खडकी, 'लानोली' दिसलं की लोणावळा, आणि सिंहगडाचं तर इतकं विचित्र स्पेलिंग होतं, 'सिंघूर' असं काहीतरी, तेही सरळ केलं. काल मदतीचं पान नीट वाचलं तर तिथे लिहिलंय जसं आहे तसंच उतरवा. मोजलं तर ६३ लेबलं झालीत माझी अशी. एकदा डन दाबलं की परत उघडता येत नाही. रात्री झोप लागली नाही हो. ही ६३ खराब झाली का? आणि मला अजून कळत नाही की बरोबर नाव माहीत असताना चुकीचं का लिहायचं.

दुसरं, एक लेबल अडलंय, ते मी अजून सबमिट केलेलं नाही, टॅब उघडा ठेवलाय. त्यावर असं दिसतंय: पूना, मग एक शब्द ज्याचं पहिलं अक्षर लागत नाही पण पुढे 'एटल हिल', मला 'नेटल हिल' वाटतंय. २५०० फूट. तारीख २२, मग ठिपका, मग ११ सारखं काहीतरी, मग ०२. मग 'फूल पांढरं, पानं गरीब लोक खातात' असं इंग्रजीत, आणि शेवटी 'व्हर्न. ऱ्होडसी'. हा व्हर्न ऱ्होडसी कोण साहेब असेल? गोळा करणाऱ्याचं नाव खाली वेगळं आहे. कुणाला काही सुचतंय का?

शाईचा डाग

ताई आधी झोपा नीट. काहीही वाया गेलेलं नाही. मी औंधला राहते, चार वर्षं करतेय हे. झूनिव्हर्सवर नोट्स फ्रॉम नेचर म्हणून जो मोठा प्रकल्प आहे, २०१३ पासूनचा, तिथे एकच लेबल साधारण तीन वेगवेगळ्या लोकांकडे जातं आणि मग तिन्ही उत्तरं जुळवून बघतात. तुमच्या प्रकल्पातही बहुतेक तसंच असणार. म्हणजे तुमचं 'पुणे' आणि बाकी दोघांचं 'पूना' शेजारी शेजारी येईल. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन म्युझियमकडे पद्धत वेगळी आहे, तिथे एकजण उतरवतो आणि दुसरा तपासतो. ऑस्ट्रेलियन म्युझियमचा असाच डिजिव्हॉल नावाचा प्रकल्प २०११ चा, तिथेही टाईप केलेलं कुणीतरी पडताळतं. हे सगळं माणसं चुकणार हे धरूनच बांधलंय.

पण गप्प बसू नका. प्रकल्पाच्या टॉक पानावर, म्हणजे चर्चेच्या पानावर, जाऊन सरळ लिहा की अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत मी जागेच्या नावांची स्पेलिंग बदललीत. लोक चिडत नाहीत, उलट बरं वाटतं त्यांना. मी स्वतः एकदा १८ लेबलांवर मोठा घोळ घातला होता. एका जुन्या माणसाने तारखेत '७बर' लिहिलेलं, मी जुलै टाकत गेले. नंतर कुणीतरी दाखवलं की ७बर म्हणजे सेप्टेंबर, कारण लॅटिनमध्ये सेप्टेम म्हणजे सात, आणि ८बर म्हणजे ऑक्टोबर. १८ नमुने दोन दोन महिने मागे सरकवले होते मी. तेव्हा मलाही असंच झालं होतं, पोटात गोळा. लिहून कळवलं, दुरुस्त झालं.

बरोबर माहीत असताना चुकीचं का लिहायचं, तर बऱ्याच फॉर्ममध्ये दोन जागा असतात ना, एक जसंच्या तसं आणि एक शेरा. पहिलीत शाईत जे आहे ते, तुमचं ज्ञान शेऱ्यात. किंवा टॉकवर. ज्ञान फेकून द्यायचं नाहीये, फक्त त्याची जागा वेगळी आहे.

पानगळ

मी बॉटनीच्या लॅबमध्ये काम करते म्हणून 'का' याचं उत्तर मी देते, कारण मलाही हे कुणी शिकवलं नव्हतं आणि मीही हेच केलं होतं.

तुमचं खडकीचंच घ्या. किरकी म्हटलं की एकच, कॅन्टोन्मेंट, दारूगोळ्याचा कारखाना. पण महाराष्ट्रात खडकी नावाची गावं किती आहेत बघा, दौंडकडे आहे, आंबेगावात आहे, अजून जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. तुम्ही किरकीचं खडकी केलंत की वीस वर्षांनी कुणीतरी तो नमुना नकाशावर लावायला घेईल आणि त्याला प्रश्न पडेल की कुठली खडकी. जे मूळ स्पेलिंग जागा पक्की करत होतं तेच तुम्ही पुसलंत. पूनाचंही तसंच आहे, काही लोक पूना म्हणजे शहर म्हणायचे, काही अख्खा जिल्हा, काही फक्त कॅम्प, आणि तो माणूस काय म्हणायचा हे त्याची बाकीची लेबलं शेजारी ठेवली की कळतं. नकाशावर ठिपका लावणारे लोक ठिपक्याबरोबर एक वर्तुळही देतात, एवढ्या किलोमीटरच्या आत कुठेतरी. आपण आपल्या मनाने सुधारणा केली की ते वर्तुळ चुकीच्या जागी पडतं आणि कुणाला कळतही नाही.

आता तुमचं अडलेलं लेबल. ताई, व्हर्न. म्हणजे साहेब नाही, व्हर्नॅक्युलर, म्हणजे तिथल्या लोकांच्या तोंडचं नाव. आणि ते ऱ्होडसी नसणार, पहिलं अक्षर 'पी' असेल ज्याचा पाय लांब ओढलाय. आता मोठ्याने वाचा. फोडशी! पहिल्या पावसानंतर जुड्या घेऊन बायका बसतात ना, ती. पांढरं फूल, पानं खातात, सगळं जुळतंय. शीटवर वर क्लोरोफायटम, म्हणजे फोडशीच्या कुळाचं शास्त्रीय नाव, छापलेलं किंवा लिहिलेलं आहे का बघा. ओहायोतला माणूस हे सात जन्मात ओळखणार नाही, त्याची काही चूक नाही, त्याने फोडशीची भाजी खाल्लेली नाही. म्हणून आपल्या लोकांनी यात यायला पाहिजे असं मला फार वाटतं. कारवी, हिरडा, अंजनी, रामेठा, ही सगळी नावं त्या चिठ्ठ्यांवर वेड्यावाकड्या रोमनमध्ये पडून आहेत. कारवीचं तर विचार करा, सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, म्हणजे फुलासकट कारवीचं प्रत्येक जुनं शीट आणि त्यावरची तारीख म्हणजे त्या डोंगरावर ती कुठल्या वर्षी फुलली होती याची नोंद आहे, आणि ती दुसरीकडे कुठेही लिहिलेली नसेल.

तारीख परत बघा. फोडशी नोव्हेंबरात फुलत नाही, ती पावसाळ्याच्या तोंडाशी फुलते. तेव्हाचे बरेच लोक महिना रोमन आकड्यात लिहायचे, लहान व्ही आणि आय, म्हणजे सहा. घाईत लिहिलं की ११ सारखं दिसतं. आयवरचा ठिपका शोधा. पण एक लक्षात ठेवा, मी म्हणते म्हणून सहा लिहू नका. ठिपका दिसला तर लिहा. फोडशीमुळे फक्त परत बघायची बुद्धी झाली पाहिजे.

नावं तपासायला कुकचा फ्लोरा बघा, 'फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे', १९०१ ते १९०८ मध्ये निघाला, बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर फुकट आहे. हा थिओडोर कुक आपल्या पुण्यातल्या कॉलेज ऑफ सायन्सचा, म्हणजे आजच्या सीओईपीचा प्रिन्सिपॉल होता. कुठलं झाड कुठे कुणी गोळा केलं ते त्यात दिलंय, त्यामुळे त्या काळातली जागांची स्पेलिंगंही तिथे सापडतात.

खानदेशी रानपिंगळा

मी झाडांमधला नाही, पक्ष्यांमधला. मूळ शहाद्याचा, आता पिंपळे सौदागरला. वर ताईंनी विचारलंय ना की काय फरक पडतो, तर माझ्या गावची गोष्ट सांगतो, ही मी प्रत्येकाला सांगतो.

रानपिंगळा म्हणजे फॉरेस्ट आऊलेट. ह्यूम नावाच्या पक्षीतज्ज्ञाने १८७३ मध्ये त्याचं वर्णन केलं. त्यानंतर सगळे मिळून जेमतेम सात नमुने, खरा शेवटचा १८८४ चा. पण म्युझियममध्ये अजून एक होता, मायनर्ट्झहागन नावाच्या इंग्रज कर्नलचा, लेबलवर लिहिलेलं १९१४, मांडवी, गुजरात. लोकांनी लेबलवर विश्वास ठेवला आणि त्या भागात शोधलं. काही नाही मिळालं. संपला पक्षी असं म्हणायला लागले. नंतर पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधक बाईंनी तो नमुना बारकाईने तपासला आणि निघालं काय, तर तो जेम्स डेव्हिडसन नावाच्या संग्राहकाने १८८० च्या दशकात आमच्या खानदेशात गोळा केलेला नमुना होता. कर्नलने तो म्युझियममधून चोरला, आतला भुसा-कापूस काढून परत भरला आणि स्वतःचं खोटं लेबल लावलं. डेव्हिडसनची कातडं शिवायची-भरायची पद्धत ठरलेली होती, त्यावरून पकडलं. मग खोटं लेबल बाजूला ठेवून खऱ्या लेबलांवरच्या जागा धरून शोध घेतला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ पक्षी समोर बसलेला. ११३ वर्षांनी.

एका चिठ्ठीवर एक जागा चुकीची होती आणि आमच्या गावाबाहेर बसलेला पक्षी सगळ्या जगासाठी मेलेला होता. त्या कर्नलने मुद्दाम केलं, आपण चांगल्या मनाने करतो, पण पुढे शोधणाऱ्या माणसाला ते वेगळं कळत नाही. म्हणून ताई 'सिंघूर' लिहिलंय तर सिंघूरच लिहा.

नारायण पेठ ३०

सगळं वाचलं, चांगलंच आहे, पण एक विचारतो, राग मानू नका. झाडं आपली, डोंगर आपले, साहेब बोटीत घालून घेऊन गेला आणि आता त्याच्या कपाटाचं कारकुनी काम आपण फुकट करायचं? त्यांच्याकडे पैसे नाहीत का? आणि हल्ली कॉम्प्युटर हस्ताक्षर वाचतो म्हणे. आपल्या पुण्यातल्या कॉलेजांमध्ये जे पडलंय त्याचं काय?

पानगळ

राग कसला, हे मलाही बोचतं. पण बघा, ते शीट कपाटात बंद आहे तोवर ते फक्त त्यांचंच आहे. बघायचं तर व्हिसा काढा, तिकीट काढा. फोटो आणि नोंद जीबीआयएफवर आली, ती जीवसृष्टीच्या नोंदींची, २००१ पासूनची सगळ्या देशांची मिळून असलेली व्यवस्था आहे, की बारामतीतली एमएस्सीची पोरगी रात्री दहा वाजता मोबाईलवर ती उतरवून घेते. माझ्या दृष्टीने ते परत आणण्यासारखंच आहे, पूर्ण नाही पण बरंचसं. काम करणाऱ्यांचं नाव नोंदीत आलंच पाहिजे हे मात्र मी प्रत्येक ठिकाणी मागते.

कॉम्प्युटर छापील लेबल छान वाचतो, चांगलं वळण असेल तर हाताचंही वाचतो. पण फोडशीचं तो काय करेल ते तुम्हीच सांगा. आणि जे वाचता येत नाही तिथे तो थांबत नाही, ठोकून देतो, ते जास्त धोक्याचं.

आपल्या इथलं म्हणाल तर दुखऱ्या जागी हात ठेवलात. मोठ्या संस्थांमध्ये नमुने जपलेले आहेत, कोरेगाव रोडला बॉटॅनिकल सर्व्हेचं केंद्र १९५५ पासून आहे, आघारकर संस्था आहे, प्राण्यांसाठी आकुर्डीला झूलॉजिकल सर्व्हे आहे. माझी काळजी लहान कॉलेजांची आहे. मी आधी जिथे होते तिथे बांधकामासाठी हर्बेरियमची, म्हणजे वाळवून जपलेल्या झाडांची, कपाटं व्हरांड्यात काढली आणि वर ताडपत्री टाकली. जुलै महिना. पंधरा दिवसांनी मी गठ्ठा उघडला तर १९६० च्या आसपासची शीटं एकमेकांना चिकटलेली, बुरशी, आणि डांबराच्या गोळ्यांचा नि ओल्या कागदाचा मिळून वास. झाडं बरीचशी वाचली होती. लेबलं फाउंटन पेनने लिहिलेली, त्यांची निळी शाई पसरून ढग झाला होता. झाडाचं नाव परत लावता येतं, झाड बघून. ते कुठून आणलं, कधी आणलं, ते त्या निळ्या ढगात गेलं, ते परत कुणालाच लावता येणार नाही. त्या आठवड्यात मी आणि दोन विद्यार्थ्यांनी उरलेल्या ४०० लेबलांचे मोबाईलने फोटो काढले, खिडकीच्या उजेडात, बाजूला पट्टी ठेवून, फ्लॅश बंद. परफेक्ट नाहीत पण आहेत. ज्यांच्या ओळखीच्या कॉलेजात असं कपाट असेल त्यांनी परवानगी घेऊन एवढं तरी करा, स्कॅनर येईपर्यंत थांबू नका. फोटोच्या फाईलला शीटचा नंबर द्या आणि एक्सेलमध्ये संग्राहक, त्याचा क्रमांक, तारीख, जागा जशीच्या तशी, उंची, एवढे रकाने करा. बाकीचं नंतर होतं.

नारायण पेठ ३०

हे माहीत नव्हतं. मी ज्या कॉलेजात शिकलो तिथे जिन्याखाली असं एक लाकडी कपाट होतं, त्याला कुलूप असायचं. सोमवारी जाऊन विचारतो.

मोडीवाले काका

मी मोडीची कागदपत्रं वाचतो, वीसेक वर्षं झाली. इंग्रजी लेबलं कधी वाचली नाहीत, पण हस्ताक्षर ते हस्ताक्षर, म्हणून ताईंच्या त्या पहिल्या अक्षराबद्दल थोडं लिहितो.

अक्षर अडलं की त्याच्याकडे बघत बसू नये, जितकं बघाल तितकं ते तुम्हाला पाहिजे तसं दिसायला लागतं. मोडीत तर काना मात्रा कमी, रेघ सलग, शब्द कुठे तुटतो तेच कळत नाही. अशा वेळी आम्ही त्या माणसाचा हात ओळखतो. त्याच लेखकाचा दुसरा कागद काढायचा आणि ज्या शब्दाबद्दल शंकाच नाही असा शब्द घ्यायचा, आणि त्यातलं ते अक्षर तो कसं सुरू करतो ते बघायचं. सुरुवात बघा, शेवट नाही. लेखणी कुठे टेकते आणि पहिली रेघ वर जाते की खाली, हे माणूस सहसा बदलत नाही, शेवटाला घाई करतो. नेटल की आणखी काही हे तुम्हाला त्याच गृहस्थांच्या दुसऱ्या लेबलवर कळेल. तिथे एखादा नेहमीचा शब्द शोधा.

आणि उंचीकडे बघा. पुणे साधारण १८५० फुटांवर आहे. तुमच्या लेबलवर २५०० आहे. पूना लिहून २५०० फूट, आणि हिल. आसपास एवढी उंची असलेली टेकडी कुठली ते कोथरूडच्या माणसाला मी काय सांगायचं. पण नाव मी सांगत नाही, आधी अक्षर बघा, नाहीतर मी सांगितलं म्हणून तेच दिसेल.

टेकडीवरची सकाळ

सगळ्यांचे खूप खूप आभार. काका, तुम्ही नाव सांगितलं नाहीत ते फार बरं केलंत. काल दिवसभर मी त्याच संग्राहकाची मागची लेबलं काढून बसले होते, प्रकल्पात शोधता येतात हे मला माहीतच नव्हतं, शाईचा डाग यांनी मेसेज करून दाखवलं. अकरा मिळाली. त्यातल्या दोनांवर 'व्हिल. पाषाण' असं आहे, म्हणजे व्हिलेज, त्याबद्दल शंकाच नाही. मग त्या व्हिलचा व्ही आणि माझा अडलेला शब्द मोठा करून शेजारी शेजारी ठेवला. व्हीच्या आधी तो हुकासारखा एक छोटा आकडा काढतो, डावीकडून वर, आणि मग खाली उतरतो. आणि नोव्हेंबरच्या एका लेबलवर त्याचा एन मिळाला, तो सरळ वरून खाली सुरू होतो, आकडा नाहीच. माझ्या शब्दाला आकडा आहे.

वेताळ हिल.

रोज सकाळी साडेपाचला मी तिथे जाते हो. गेली २६ वर्षं जातेय. आणि तो माणूस बहुतेक १९०२ च्या जूनमध्ये तिथेच चढून फोडशी उपटून घेऊन आला होता. जून म्हणते कारण पानगळ ताई, ठिपका सापडला, आयवर नाही, आयच्या जरा उजवीकडे सरकलेला आहे पण आहे. शीटच्या वरच्या बाजूला क्लोरोफायटमही आहे.

लेबल सबमिट केलं. जागा: पूना, वेताळ हिल, त्याच्या स्पेलिंगने. तारीख २२.vi.०२, जशी आहे तशी, १९०२ मी लावलेलं नाही, ते माझं मत आहे आणि ते टॉकवर लिहिलंय. फोडशीचं स्पेलिंगही त्याचंच ठेवलं, आणि टॉकवर लिहिलं की ही फोडशी, पावसाळ्याच्या तोंडाशी पुण्यात अजूनही विकायला येते, आणि भाजी करायची तर दांड्याचा कडक भाग काढून टाकायचा. हे शेवटचं लिहावं की नाही कळत नव्हतं पण लिहिलं.

६३ लेबलांचंही कळवलं. तिथल्या बाईंचं उत्तर सकाळी आलं, त्यांनी यादी मागितलीये की कुठल्या नावाचं मी काय केलं होतं, पूनाचं पुणे, किरकीचं खडकी वगैरे, त्यांना ती पुढे जागा शोधायला उपयोगी पडेल म्हणाल्या. आज दुपारी बसून करते. सिंघूरला आधी मी काय समजले होते तेही त्यात लिहिते.